कुकरचे सुटे भाग : पारख, निवड व दक्षता

विद्युत पंपाच्या पेटीतील फ्यूजची तार वारंवार वितळू लागली म्हणजे तिच्या जागी तांब्याची जाड तार बसविण्याचा मोह अनेक शेतकऱ्यांस होतो. तार मग वितळत नाही; परंतु एके दिवशी मोटारच जळून जाते. फ्यूजची तार वितळते ती दुर्बळ असते म्हणून नव्हे, तर मोटार वाचविण्यासाठी तिने आधी वितळावे अशीच तिची योजना असते. शेतात समजलेली ही गोष्ट स्वयंपाकघरातही तितकीच लागू आहे. आज खेडोपाडी घरोघर वापरला जाणारा प्रेशर कुकर हे तिचे उत्तम उदाहरण होय.

कुकरचे सुटे भाग दोन कारणांनी निकामी होतात. काही भाग संकटाच्या वेळी आपण होऊन निकामी व्हावेत म्हणूनच केलेले असतात. काही भाग मात्र हलक्या प्रतीच्या मालाचे असल्यामुळे अकाली तुटतात. या दोहोंतील भेद न ओळखता तुटलेला भाग कसाबसा सांधून काम भागविणे अत्यंत धोक्याचे आहे. हा भेद गृहिणींस व भाग विकत आणणाऱ्या मंडळींस समजावून देणे, हा या पाठाचा हेतू आहे.

कुकरमधील दाब किती असतो ?

उघड्या भांड्यात पाणी समुद्रसपाटीस १०० अंश सेल्सियसला उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडली गेल्यामुळे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो इतका जादा दाब निर्माण होतो आणि पाण्याचे तापमान १२० अंशांच्या आसपास पोहोचते. डाळ लवकर शिजते ती यामुळेच.

हा दाब लहान वाटला तरी त्याचा एकूण जोर मोठा असतो. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे आतली वाफ झाकणास सुमारे ३१४ किलो, अर्थात तीन क्विंटलांहून अधिक जोराने वर रेटीत असते. धान्याची तीन पोती झाकणावर ठेवावीत, तेवढा हा जोर आहे.

याशिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झाकण एकाएकी निघाले तर १२० अंशांचे पाणी तसेच राहू शकत नाही. २ लिटर पाण्यापैकी सुमारे ७० ते ७५ ग्रॅम पाण्याची तत्क्षणी वाफ होते व ती वाफ १०० लिटरांहून अधिक जागा व्यापते. उकळती डाळ छतापर्यंत उडते ती या वाफेच्या रेट्याने. समोर उभ्या असलेल्या व्यक्तीचे तोंड, मान व हात भाजतात.

चार भाग आणि त्यांचे काम

१. शिट्टी. वाफेच्या नळीवर बसणारे हे वजन दाबाचे नियंत्रण करते. नळीचे छिद्र आणि शिट्टीचे वजन यांचा मेळ घालूनच दाब ठरविलेला असतो. छिद्राचा व्यास ३ मिलिमीटर असेल, तर १ किलो दाबास उचलले जाण्यासाठी सुमारे ७० ग्रॅम वजन लागते. त्याच नळीवर १४० ग्रॅमचे वजन ठेवले तर दाब दुप्पट होईल. म्हणून एका कुकरची शिट्टी दुसऱ्यावर ठेवू नये. शिट्टी लवकर होते म्हणून तिच्यावर चमचा वा अन्य वजन तर कधीच ठेवू नये.

२. रिंग (गॅस्केट). झाकण व भांडे यांमधील फट बंद करणे हे रिंगेचे काम. चांगले रबर लवचिक असते व ताणून सोडल्यास पूर्ववत होते. हलक्या रबरात भुकटीची भेसळ जास्त असल्याने ते थोड्याच दिवसांत कडक होते, त्यास भेगा पडतात आणि कडेने वाफ गळू लागते. काही कुकरांच्या झाकणाच्या कडेस एक लहान खाच असते. शिट्टी व व्हॉल्व्ह दोन्ही बंद पडल्यास रिंग त्या खाचेतून बाहेर फुगून वाफ मोकळी करते. अशा कुकरात जाड अथवा चुकीच्या मापाची रिंग बसविली की संरक्षणाचा हा मार्गही बंद होतो.

३. सेफ्टी व्हॉल्व्ह. हा कुकरचा फ्यूज होय. नळी तुंबली किंवा कुकरमधील पाणी आटले की व्हॉल्व्हमधील कमी उष्णतेस वितळणारा मिश्रधातू वितळतो आणि वाफ बाहेर पडते. व्हॉल्व्ह ‘उडाला’ म्हणजे कुकर बिघडला असे नव्हे. त्याने आपले काम केले. मात्र तो का उडाला हे शोधल्यावाचून कुकर पुन्हा वापरू नये.

४. मूठ. मुठी बहुधा बेकेलाइटच्या असतात. आच भांड्याच्या बाजूने वर चढली की हलक्या प्रतीची मूठ तडकते, तिचे स्क्रू ढिले होतात. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरात दोन्ही मुठी एकावर एक आल्या म्हणजे झाकण पुरते अडकले असे समजावयाचे असते. मूठच ढिली असेल तर ही खूण फसवी ठरते. झाकण अर्धवट अडकलेले असूनही बरोबर बसल्यासारखे दिसते.

सांधकाम का करू नये ?

रिंग गळू लागली की तिच्यावर दोरा गुंडाळणे, झाकणाच्या कडेस कणीक लावणे, मोठी रिंग कापून जोडणे. मूठ तुटली की तारेने आवळणे. व्हॉल्व्ह उडाला की त्याच्या छिद्रात स्क्रू घट्ट बसविणे. असे प्रकार होताना दिसतात. काटकसर हा शेतकरी कुटुंबाचा गुण आहे, यात शंका नाही. मोडलेली वस्तू टाकून न देता दुरुस्त करणे हेही योग्यच. परंतु दाब धरणाऱ्या भागास हा नियम लावता येत नाही.

व्हॉल्व्हचे उदाहरण घ्यावे. रिकाम्या झालेल्या व्हॉल्व्हमध्ये साधा डाख भरून तो पुन्हा बसविला, तर वरवर पाहता काम झाल्यासारखे वाटते. परंतु डाख देण्याचा नेहमीचा कथील-शिशाचा मिश्रधातू १८० अंशांच्याही पुढे गेल्यावर वितळतो. त्या तापमानास कोंडलेल्या वाफेचा दाब कुकरच्या नेहमीच्या दाबाच्या नऊपट ते दहापट होतो. तेवढा दाब सोसण्यासाठी घरगुती कुकर केलेलाच नसतो. म्हणजे डाख वितळण्यापूर्वीच झाकण अथवा भांडे दगा देईल. स्क्रू बसविला तर तो कधीच वितळणार नाही. पंपाच्या पेटीत जाड तार बसविण्याचाच हा प्रकार असून येथे मोटारीऐवजी माणूस होरपळतो.

खरेदी करताना

कुकरसाठी आयएस २३४७ हे भारतीय मानक आहे. केंद्र सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक झाले. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक व खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक असतो. नुसते चिन्ह पाहून समाधान मानू नये. क्रमांक नसलेले चिन्ह संशयास्पद समजावे. हा क्रमांक खरा आहे किंवा कसे, हे भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर पडताळून पाहता येते. कुकरच्या रबरी रिंगेसाठी आयएस ७४६६ हे स्वतंत्र मानक आहे.

सुटे भाग घेताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

• जुना भाग व झाकण सोबत न्यावे. कुकरची बनावट, नमुना व लिटरमधील माप दुकानदारास सांगावे.
• शक्यतो कुकर बनविणाऱ्या कंपनीचाच भाग, तिच्या वेष्टनातील व छापील किमतीचा घ्यावा. सारख्या दिसणाऱ्या वेष्टनावरील नाव अक्षर न् अक्षर वाचून पाहावे.
• रिंग दुमडून व हलकेच ताणून पाहावी. वळणावर पांढरट रेघा वा भेगा दिसल्यास, किंवा हातास भुकटी लागल्यास ती घेऊ नये.
• पावती अवश्य घ्यावी व कुकरच्या माहितीपत्रकासह जपून ठेवावी.

आठवडी बाजारातून रिंग विकत आणणारा बहुधा घरातील पुरुष असतो, आणि कुकरपुढे उभी राहते ती स्त्री. भागाची किंमत एकाने ठरवावयाची आणि धोका दुसरीने पत्करावयाचा, हे योग्य नव्हे. खरेदीपूर्वी दोघांनी मिळून विचार करावा.

गावातील प्रात्यक्षिक

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी बचतगटाच्या बैठकीत हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. प्रत्येकीने आपला कुकर रिकामा व थंड असा आणावा.

(१) झाकण उजेडाकडे धरून वाफेच्या नळीतून आरपार पाहावे. उजेड दिसला नाही तर नळी तारेने साफ करावी. तुरीच्या डाळीचे साल नळीत अडकणे, हे तुंबण्याचे नेहमीचे कारण आहे.

(२) रिंग काढून चहूबाजूंनी पाहावी. कडक, चपटी, ताणलेली वा तेलाने फुगलेली रिंग बाजूस काढावी.

(३) व्हॉल्व्ह आतून व बाहेरून पाहावा. त्यावर अन्नाचा थर असल्यास धुवावा. छिद्रात स्क्रू, डाख किंवा लाकडाचा तुकडा आढळल्यास तो कुकर नवा व्हॉल्व्ह बसविल्याखेरीज वापरू नये असे स्पष्ट सांगावे.

(४) मुठींचे स्क्रू आवळावेत. तडकलेली मूठ बदलण्यासाठी वेगळी ठेवावी.

(५) निर्दोष ठरलेल्या एका कुकरात अर्धा लिटर पाणी घालून, शिट्टी न ठेवता झाकण लावून तो आचेवर ठेवावा. नळीतून वाफेची सरळ धार येऊ लागल्यावरच शिट्टी ठेवावी. कडेने वाफ गळत नाही आणि शिट्टी मोकळेपणाने उचलली जाते, हे सर्वांस दाखवावे. मग आच बंद करून दाब आपोआप उतरू द्यावा. झाकण जोर लावून कधीही उघडू नये.

याच वेळी सांगावे की कुकर दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये. डाळ, तांदूळ यांसारखे फेसाळणारे पदार्थ निम्म्यापेक्षा जास्त घालू नयेत. आणि वापरानंतर रिंग धुऊन, कोरडी करून सपाट ठेवावी.

तक्रार कोठे करावी ?

नवा भाग अल्पावधीत तुटल्यास तो फेकून देऊ नये. तुटलेला भाग, वेष्टन व पावती हाच पुरावा होय. प्रथम दुकानदार व उत्पादक यांस लेखी कळवावे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. त्यासाठी मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास भरपाई मागण्याचीही या कायद्यात तरतूद आहे. मात्र इजेच्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध असा दावा चालत नाही. स्क्रू ठोकलेला व्हॉल्व्ह शरीरास घातक असतोच. तो आपल्या हक्कासही घातक ठरतो.

सारांश, जो भाग वितळण्यासाठी आहे त्यास वितळू द्यावे व त्याच्या जागी तसाच नवा बसवावा. जो भाग खोट्या मालामुळे तुटला, त्याचा जाब विकणाऱ्यास विचारावा. मोटारपंप जळाला तर तो दुरुस्त होतो. चेहऱ्यावरील भाजल्याचा व्रण मात्र जन्मभर राहतो.