लहान संगणकाचें स्थलांतर

चिखल्याच्या मँगनीजच्या खाणींत ज्यांचे आजे-पणजे राबले, अशीं कितीएक मुलें आमच्या वर्गांत आहेत. गेल्या वर्षीं त्यांनीं घरोघर जाऊन खाणींतील जुन्या कामाच्या आठवणी टिपून आणिल्या व शाळेच्या 'रास्पबेरी पाय' संगणकावर उतरविल्या. हें यंत्र तळहाताएवढें. त्याची पहिली आवृत्ति २०१२ सालीं निघाली. आमचें यंत्र २०१९ सालच्या चौथ्या पिढीचें आहे.

ह्या यंत्राची कार्यप्रणाली, म्हणजे ज्याच्या योगें तें चालतें तो मूळ प्रोग्रॅम, बहुधा नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते. कार्डांतील प्रत्येक सूक्ष्म कोठडी अतिशय पातळ अशा रोधक थराआड विद्युत्भार कोंडून मजकूर जपते. लिहितां-खोडतां तो थर किंचित् झिजतो. आपण स्वस्थ बसलों तरी कार्यप्रणाली आपली रोजकीर्द लिहीतच असते. त्यांत मध्येंच वीज गेली, कीं अर्धवट लिहिलेलें बिघडतें. म्हणून यूएसबीनें जोडावयाच्या एसएसडी तबकडीवर सर्व कांहीं हलविण्याचें आम्हीं ठरविलें. (तबकडी हें नांव जुन्या सवयीचें, आंत फिरणारें कांहीं नसतें. तीही झिजतेच, पण झीज सर्वत्र वांटून देण्याची सोय तिच्यांत अधिक चांगली असते.)

नक्कल अर्ध्या तासांत उरकली. यंत्र पुन्हां चालू केलें, पडदा उजळला, आणि आम्हीं समाधान मानिलें. चूक तेथेंच झाली. हें यंत्र जागें होतांच आधीं कार्ड शोधतें. तें न मिळाल्यासच यूएसबीकडे वळतें. कार्ड तर आम्हीं आंतच ठेविलें होतें! ३ आठवडे मुलांचें सारें लेखन जुन्या कार्डावरच जात राहिलें, आणि नवी तबकडी शेजारीं मुकाट्यानें पडून होती. मग एके सकाळीं कार्ड निकामी झालें. त्या आठवड्यांतील ९ आठवणी गेल्या.

कार्ड काढून तबकडीवरून यंत्र सुरू करूं गेलों, तों तेंही अर्ध्या वाटेंत अडलें. साठवणीच्या प्रत्येक विभागास स्वतःचा एक क्रमांक असतो. आम्हीं फायली उचलून नव्या जागीं ठेविल्या होत्या. परंतु 'सीएमडीलाइन' व 'एफएसटॅब' ह्या दोन फायलींत पत्ता म्हणून जुन्या कार्डाचेच क्रमांक राहिले होते. घर बदलावें आणि पाटीवर जुना पत्ता ठेवावा, तशांतला प्रकार. तबकडी दुसऱ्या संगणकास जोडून, 'बीएलकेआयडी' ही आज्ञा सांगते ते नवे क्रमांक दोन्हीं ठिकाणीं घातले, तेव्हां यंत्र चाललें. कार्यप्रणालीबरोबर येणारा नक्कल करण्याचा प्रोग्रॅम हें काम आपणच करतो. हातानें करण्याची हौस आम्हांस नडली.

आतां कार्ड बाहेर काढल्यावांचून नववीचीं मुलें स्थलांतर झालें असें म्हणत नाहींत. मग तीं 'फाइंडएमएनटी' ही आज्ञा देऊन मूळ विभाग कोठें आहे तें पाहतात. उत्तरांत 'एमएमसीबीएलके' दिसलें तर यंत्र कार्डावर चाललें आहे, 'एसडीए' दिसलें तर तबकडीवर. आठवणींची एक प्रत दर शनिवारीं कार्यालयाच्या संगणकावरही ठेवितात.

गेलेल्या ९ पैकीं ६ आठवणी मुलांनीं पुन्हां विचारून लिहिल्या आहेत. ज्या आजींनीं खाणीच्या तोंडाशीं दगड निवडण्याचें काम सांगितलें होतें, त्यांस आतां फारसें बोलवत नाहीं.