सायंदेव : पोथीत राहिलेले एक नाव



गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आपल्या जुईनगरच्या मंदिरात गुरुचरित्राचा सप्ताह चालू होता. दुसऱ्या दिवशी दहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत अध्याय असतात, म्हणजे चौदावा त्यात येतोच. माझा नातू, इयत्ता चौथी, शाळेला सुट्टी म्हणून शेजारी येऊन बसला होता आणि खरे सांगायचे तर कंटाळला होता. वाचकांच्या तोंडून ‘सायंदेव’ हा शब्द आला आणि त्याने मला कोपराने ढोसले. ‘आजोबा, हे तर माझं नाव!’

शाळेच्या पटावर त्याचे नाव दुसरेच आहे, आजच्या चालीचे. सायंदेव त्याला फक्त त्याची आजी म्हणायची. ती जाऊन आता तीन वर्षे होतील. आजीने लाडाने काहीतरी नाव पाडले असावे, अशी त्याची आजवर समजूत होती. घरी आल्यावर त्याने विचारले, ‘सायंदेव कोण होता? आणि आजी मलाच तसं का म्हणायची?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर पोथीत होते. दुसऱ्याचे माझ्याजवळ होते, पण ते सांगायला जीभ रेटेना. हा लेख म्हणजे त्याला द्यायचे उत्तर आहे.

सायंदेव हे कडगंचीचे. कलबुर्गीहून आळंदकडे जाताना हे गाव लागते. आता तिथे कर्नाटकचे केंद्रीय विद्यापीठ झाले आहे. गोत्र कौंडिण्य, शाखा आपस्तंब, आडनाव साखरे. पोटासाठी एका यवन अधिकाऱ्याची चाकरी करणारा हा गृहस्थ. मी स्वतः चौतीस वर्षे बँकेत कारकुनी केली, म्हणून असेल, पण पोथीतल्या सगळ्या शिष्यांत मला हा आपला वाटतो. तो योगी नाही, शास्त्रार्थ करणारा पंडित नाही. वरिष्ठांना भिणारा नोकरदार आहे.

गोदाकाठी वासर ब्रह्मेश्वरी त्याची आणि श्रीनृसिंह सरस्वतींची भेट होते, ती तेराव्या अध्यायात. पोटशूळाने गांजलेला एक ब्राह्मण नदीत जीव द्यायला निघालेला असतो. अन्न घेतले की त्याला वेदना होतात. श्रीगुरू सायंदेवाला सांगतात, याला घरी ने आणि पोटभर जेवू घाल. सायंदेव घाबरतो. हा माझ्या घरी जेवून मेला तर पाप कुणाच्या माथी? आपणही हेच विचारले असते. पण विचारतो आणि मग नेतोही. ब्राह्मण जेवतो आणि बरा होतो.

चौदाव्यात त्याच्या स्वतःच्याच जिवावर बेतते. तो ज्याच्या चाकरीत, तो क्रूर अधिकारी दरवर्षी एका ब्राह्मणाला बोलावून ठार मारत असे. त्या वर्षी बोलावणे सायंदेवाला येते. श्रीगुरू अभय देतात, भिऊ नकोस, जा. तो जातो. अधिकाऱ्याच्या अंगाचा दाह होतो, तो सायंदेवाच्याच पायांवर येतो आणि वस्त्रे-अलंकार देऊन त्याची पाठवणी करतो. परतल्यावर सायंदेव श्रीगुरूंबरोबर निघायला तयार असतो. पण ते म्हणतात, पंधरा वर्षांनी भेटू. पंधरा वर्षे! बदलीची ऑर्डर हातात घेऊन घरी सांगायला जाणाऱ्या माणसाला हा आकडा कळतो.

भेट होते ती गाणगापूरला, एकेचाळिसाव्या अध्यायात. संगमावर रात्री वादळ-पाऊस सुटतो. श्रीगुरू त्याला गावातून विस्तव आणायला धाडतात आणि बजावतात, येता-जाता दोन्ही बाजूंना पाहू नकोस. विस्तव घेऊन परतताना मात्र त्याला राहवत नाही. पाहतो तो काय, दोन्ही बाजूंनी दोन नाग बरोबर चालताहेत. धावत, कापत तो संगमावर पोचतो आणि कळते की ते नाग त्याच्या राखणीलाच पाठवले होते. हा प्रसंग मी नातवाला सांगितला तेव्हा तो म्हणाला, ‘मीपण पाहिलं असतं.’

आता नावाकडे येतो. सायम् म्हणजे संध्याकाळ. त्याला देव जोडला की सायंदेव. संध्याकाळचा देव. दत्तजन्म आपण मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळीच साजरा करतो, पाळणा दिवेलागणीलाच हलतो. या उत्सवाच्या अंकात हे नाव शोभते ते अशामुळे. अनुस्वाराचा ठिपका मात्र सांभाळावा लागतो. तो गळला की सायदेव होते आणि ऐकणारा त्याचे साईदेव करून मोकळा होतो.

दत्तसंप्रदायातून घराघरांत आलेली नावे किती म्हणून सांगावीत? दत्तात्रेय तर होतेच. दत्त आणि आत्रेय, म्हणजे अत्रींचा मुलगा, असा तो जोडशब्द. आमच्या शाखेतल्या लेजरात निम्मे खातेदार ‘दत्तात्रय’ लिहीत आणि निम्मे ‘दत्तात्रेय’. एका मात्रेवरून पासबुक आणि रेशनकार्ड जुळत नसे आणि माणूस काउंटरवर दोन-दोन तास ताटकळत राही. कोकणातले दत्ताराम वेगळेच. कानडीचे थोर कवी द. रा. बेंद्रे आणि गांधीजींचे काका कालेलकर, दोघांचेही नाव दत्तात्रेयच.

श्रीपाद घ्या. सातवळेकर 1867 चे, नाटककार कोल्हटकर 1871 चे, श्री. म. माटे 1886 चे, कॉम्रेड डांगे 1899 चे, कादंबरीकार पेंडसे 1913 चे. पाचही श्रीपाद! हे विष्णूचेही नाव आहे, तेव्हा सगळ्यांचे श्रेय पीठापूरच्या श्रीपाद श्रीवल्लभांकडे मी मागत नाही, पण पन्नास वर्षे हे नाव महाराष्ट्रात जोरात होते एवढे खरे. दिगंबरही तसेच. विष्णु दिगंबर पलुसकरांचे वडील दिगंबरबुवा कुरुंदवाडचे, म्हणजे नरसोबाच्या वाडीच्या अगदी शेजारचे. अवधूत, नरहरी, गुरुनाथ आजही अधूनमधून भेटतात.

आणि सायंदेव? चौतीस वर्षांत हजारो खाती माझ्या हाताखालून गेली. नमुना सहीच्या कार्डावर हे नाव मला एकदाही दिसले नाही.

कुणी म्हणेल, नाव गुरूचे ठेवतात, शिष्याचे नाही. हे पटत नाही. प्रल्हाद, ध्रुव, उद्धव, सुदामा हे सगळे भक्तच. पंढरपूरच्या वाटेवरच्या गावांत पुंडलिक काही कमी नाहीत. पण पुंडलिकाचे नाव वारीत प्रत्येक गजराला घेतले जाते. दिगंबर आणि श्रीपाद ही नावे टेंबेस्वामींनी दिलेल्या अठरा अक्षरी मंत्रात आहेत, ती दिवसातून शंभरदा तोंडात येतात. सायंदेव गजरात नाही, मंत्रात नाही, आरतीत नाही. तो फक्त पोथीत आहे.

इथेच खरी गोम आहे, असे मला वाटते. कुणाला आवडो न आवडो, लिहितो. नाव ठेवणे हे आपल्याकडे बायकांचे काम. पाळणा बायका म्हणतात, बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. आणि गुरुचरित्र बायकांनी वाचू नये, असा कितीतरी घरांत दंडक होता. माझी आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसून वडिलांचे वाचन ऐकायची, ते पोळ्या लाटता लाटता कानावर पडेल तेवढेच. ज्यांनी पोथी वाचली त्यांच्या हातात पाळण्याची दोरी नव्हती, आणि दोरी ज्यांच्या हातात, त्यांच्या हातात पोथी नव्हती. मग नाव पोथीतून पाळण्यात यायचे कसे?

माझ्या पत्नीने हा दंडक मोडला. सूनबाईंना सातव्या महिन्यात डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचे नाही म्हणून सांगितले, त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी दिवा लावून चौदावा अध्याय वाचू लागली. संकटात तो वाचावा, ही आपल्याकडची श्रद्धा आहेच. मी तिला म्हणालो होतो, नुसता ऐक, मी वाचतो. ती म्हणाली, ‘तुम्हाला बँकेतून यायला आठ वाजतात.’ सूनबाई सुखरूप बाळंत झाल्या. बारशाच्या आदल्या रात्री पत्नीने नाव सुचवले. सायंदेव.

मुलगा हसला. सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण चेहऱ्यावर दिसत होते. माझ्या लेकीने, म्हणजे बाळाच्या आत्याने, मोबाईलवर काढलेली यादी पुढे केली. तेवढ्यात मी बोललो. ‘जे नाव प्रत्येक काउंटरवर फोड करून सांगावं लागतं, ते पोराच्या गळ्यात बांधू नये. आयुष्यभर दुरुस्तीचे अर्ज लिहीत बसेल.’ कारकुनाचे बोलणे. पत्नी ‘बरं’ म्हणाली आणि तिथेच तो विषय संपला. पुढे मात्र रोज दिवेलागणीला ती त्याला त्याच नावाने हाक मारायची, अगदी दवाखान्यात नेईपर्यंत.

त्या वेळी मला आठवायला हवे होते ते अकराव्या अध्यायात आहे. कारंज्याला माधव आणि अंबा यांच्या पोटी श्रीगुरू जन्मले तेव्हा त्यांचेही जन्मनाव एक आणि बोलायचे नाव एक होते. जन्मनाव शाळग्रामदेव, आणि हाकेचे नाव नरहरी. नृसिंह सरस्वती तर पुढे काशीला संन्यास घेतल्यावरचे. नामकरणाच्या विधीतही देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे असतात. म्हणजे दाखल्यावर एक आणि गुरुजींनी तांदळात काढायच्या नावांत दुसरे, ही सोय होतीच. मी पोथी चाळीस वर्षे वाचतो आहे, पण मला ती सुचली नाही.

जाता जाता आणखी एक. सायंदेवाचा मुलगा नागनाथ, नातू देवराव, पणतू गंगाधर, आणि गंगाधरांचा मुलगा सरस्वती, म्हणजेच गुरुचरित्राचा कर्ता. होय, मुलाचे नाव सरस्वती! आज कुणी ठेवले तर बारशालाच भांडण होईल. आजोबांचे नाव नातवाला देण्याची आपली चाल. पण सायंदेवांच्या नातवात त्यातला ‘देव’ तेवढा उरला. आपल्या पूर्वजांची कथा सिद्धांना विचारणारा हा कर्ता स्वतःला म्हणवतो मात्र नामधारक. आम्ही बँकेत खातेधारक म्हणायचो, तसेच.

नातवाला हे सगळे तीन-चार संध्याकाळी मिळून सांगितले, बारशाच्या रात्री मी काय बोललो ते धरून. त्याने शांतपणे ऐकले. मग विचारले, ‘आता तुम्ही म्हणाल का?’ तेव्हापासून दिवेलागणीला मी म्हणतो. सुरुवातीला तोंडात बसत नव्हते.

यंदा दत्तजन्माच्या वेळी तो मंदिरात असेल. भक्तमंडळींपैकी कुणाच्या नात्यागोत्यात, गावाकडे किंवा जुन्या वंशावळीत सायंदेव नावाचा कुणी असेल, तर गुरुवारी आरतीनंतर मला अवश्य भेटून सांगावे. त्यालाही ऐकायचे आहे.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥