उलटी चार्ज झालेली बॅटरी

पूर्ण उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी चार्जरला उलटी जोडली गेली, तर बहुधा ठिणगीसुद्धा उडत नाही, आणि खरा धोका हाच आहे. बॅटरीत थोडा जीव असताना प्लस-मायनसची अदलाबदल झाली की बॅटरीचे आणि चार्जरचे व्होल्टेज एकत्र येऊन प्रचंड करंट वाहतो, फ्यूज उडतो आणि चूक जागच्या जागी कळते. मेलेल्या बॅटरीत भर घालायला व्होल्टेजच उरलेले नसते. नवे स्वयंचलित चार्जर टर्मिनलवर योग्य दिशेचे व्होल्टेज दिसल्याशिवाय सहसा सुरू होत नाहीत. ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायरचे जुने चार्जर मात्र जे जोडले त्यात करंट ढकलत राहतात.

कोल्हापूरकडे ऊस हंगाम तोंडावर आला की पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरांच्या बॅटऱ्या चार्जिंगला निघतात. दुकानात अशा अनेक बॅटऱ्या एका ओळीत, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, जोडून एकाच चार्जरवर लावतात. ओळीतली एक उलटी बसली तरी बाकीच्या नीट चार्ज होतात आणि तेवढी एक मुकाट्याने उलटी भरत जाते. पंचगंगेच्या पुरात बुडून निघालेल्या गाडीत तर बॅटरीवरच्या खुणाच गाळाखाली गेलेल्या असतात. केबलच्या लाल रंगावर विसंबणे बरे नव्हे. कोणीतरी कधीतरी मिळेल ती वायर लावलेली असते. शिवाय जुन्या ब्रिटिश बनावटीच्या अनेक गाड्यांत चॅसिसला मायनस नव्हे, प्लस जोडलेला असे. गोल पोस्टच्या बॅटरीत जाड पोस्ट प्लसचा, ही खूण त्यापेक्षा भरवशाची. खात्री मीटरनेच होते, पण तीही बॅटरीत थोडे व्होल्टेज शिल्लक असेल तरच.

चार्ज असलेल्या बॅटरीत प्लसच्या प्लेटवर तपकिरी लेड डायऑक्साइड असते, मायनसच्या प्लेटवर राखाडी सच्छिद्र शिसे. बॅटरी उतरली की दोन्हींवर लेड सल्फेट बसते, म्हणजे रासायनिकदृष्ट्या दोन्ही प्लेटा जवळपास सारख्या होतात. म्हणूनच उलटा करंट त्यांना उलट्या भूमिका देऊ शकतो. पण मायनसच्या प्लेटांची घडण आणि त्यात मिसळलेली द्रव्ये त्या कामासाठी नसतात. अशी बॅटरी व्होल्टेज दाखवते, क्षमता मात्र देत नाही.

ती गाडीत बसवल्यावर दिवे लागतात, आणि फील्ड कॉइलचा जुना स्टार्टर नेहमीच्याच दिशेने फिरतो. त्यामुळे सगळे ठीक असल्याचा भास होतो. आल्टरनेटरला हे चालत नाही. त्याच्या डायोडमधून बॅटरी सरळ शॉर्ट होते. मुख्य फ्यूज वेळेवर उडाला नाही तर डायोड जळतात. अलीकडच्या गाडीत इंजिन कंट्रोल युनिटही जाऊ शकते आणि त्याचा खर्च बॅटरीच्या कितीतरी पट असतो. म्हणून चार्जिंगहून आलेली बॅटरी केबल लावण्यापूर्वी मीटरवर बघावी. लाल प्रोब प्लसच्या खुणेवर ठेवून आकड्याआधी वजा चिन्ह आले, तर बॅटरी उलटी भरली आहे. 12.6 ऐवजी 8.4 व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर सहापैकी एकच सेल उलटा झाल्याची शंका घ्यावी.

पाणी घालायच्या साध्या बॅटरीवर एक प्रयत्न करून बघता येतो. सीलबंद बॅटरीच्या वाटेला जाऊ नये. 12 व्होल्टचा हेडलाइटचा बल्ब जोडून ती शून्याजवळ उतरवावी, बल्ब काढावा आणि मग योग्य दिशेने सावकाश, क्षमतेच्या विसाव्या भागाएवढ्या करंटने चार्ज करावी. 80 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 4 अँपिअर पुरे. बॅटरी हाताला चटका देण्याइतकी तापली तर थांबावे. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो, म्हणून जागा मोकळी हवी, डोळ्यांवर चष्मा हवा आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद हवा. चार्ज झालेली बॅटरी एक दिवस तशीच ठेवून प्रत्येक सेल हायड्रोमीटरने तपासावा. काटा सगळीकडे 1.25 च्या वर आणि साधारण सारखा असेल तर ती वापरता येते, तरी पूर्वीइतके आयुष्य मिळत नाही. एखादा सेल बराच मागे राहिला, तर बॅटरी जुन्याच्या भावात विक्रेत्याला परत द्यावी.