घटक ४ : कामगार कायद्यातील संज्ञा आणि रोजगारसंबंधांचा व्यवसाय

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• व्यवहारातील शब्द व कायद्यातील संज्ञा यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• रोजगारसंबंधांच्या व्यवसायात या भेदाचे महत्त्व सांगता येईल.

४.२ प्रास्ताविक

कार्मिक विभागात किंवा कामगार संघटनेच्या कार्यालयात काम करू इच्छिणाऱ्या मराठीच्या पदवीधराला कामगार कायदा शिकावा लागतो. हा अभ्यास त्याने संज्ञांच्या अर्थापासून सुरू करावा, कारण कामगाराचा हक्क पुष्कळदा एका शब्दावर ठरतो.

४.३ विषय-विवेचन

नेरसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यातील एक स्त्री जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात पाच वर्षे कामाला आहे, असे समजू. ती सांगते, 'मले कामावरून काढलं.' या वाक्यात तीन भिन्न घटना संभवतात. कच्च्या मालाअभावी तिला तात्पुरते बसविले असल्यास तो 'ले-ऑफ' होय. त्यात नोकरीचे नाते टिकते. मनुष्यबळ अधिक झाल्याने नोकरी संपविली असल्यास ती 'कपात' होय. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढले असल्यास ती 'बडतर्फी' होय. तिच्यापूर्वी आरोपपत्र व चौकशी अपेक्षित असते.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन, तसेच सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देणे बंधनकारक झाले. येथे 'सलग वर्ष' हीसुद्धा संज्ञाच आहे. मागील १२ महिन्यांत २४० दिवस काम भरले, तर सामान्यतः वर्ष पूर्ण मानले जाते. म्हणूनच हजेरीपट हा महत्त्वाचा पुरावा ठरतो.

'हंगामी' हा शब्दही पाहा. बोलण्यात आपण मजुराला हंगामी म्हणतो. ले-ऑफच्या तरतुदींत मात्र हे विशेषण आस्थापनेला लागते. हंगामी स्वरूपाच्या आस्थापनेत ले-ऑफची भरपाई मिळत नाही, आणि आस्थापना तशी आहे की नाही, याबाबत वाद झाल्यास शासनाचा निर्णय अंतिम असतो. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत जुने तीन कायदे एकत्र केले गेले, तरी या संज्ञा कायम राहिल्या.

कायद्याने भाषेची दखलही घेतली होती. स्थायी आदेशांविषयीच्या १९४६ च्या अधिनियमाने ते आदेश इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावणे मालकावर बंधनकारक केले. असा मजकूर अचूक व सुबोध मराठीत उतरविणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची गाऱ्हाणी नेमक्या मागण्यांत मांडली : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर वेतन. साप्ताहिक सुट्टी १८९० मध्ये मिळाली. मुंबईत परळ येथे त्यांच्या नावाची श्रमविज्ञान संस्था असून तेथे या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

४.४ सारांश

कामगाराचे म्हणणे त्याच्या शब्दांत ऐकावे, घटना कोणती ते ओळखावे आणि मगच संज्ञा योजावी. संज्ञा चुकल्यास देय रक्कमही हातची जाऊ शकते.

४.५ स्वाध्याय

१. 'कपात' व 'बडतर्फी' यांतील फरक सोदाहरण लिहा.
२. आपल्या परिसरातील एका कामगाराची तक्रार त्याच्याच बोलीत नोंदवा व तिचे अर्जाच्या भाषेत रूपांतर करा.