डावीकडची खडखड

चि. बाळास,


आजोबांच्या बुलेटमधून डाव्या अंगाने खडखड येते आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘प्रायमरी चेन टाइट करून टाकू’, असं तू कळवलंस. टाकू दे, पण आधी मोजू दे. मोजल्याशिवाय चेन आवळू देऊ नकोस, एवढ्यासाठी हे पत्र.

मोटरसायकलची चेन म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे मागच्या चाकाकडे जाणारी, पावसाळ्यात चिखलाने माखणारी चेन येते. कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये तिच्याआधी आणखी एक चेन काम करते, तीच प्रायमरी. क्रँकशाफ्टच्या डाव्या टोकाला लहान स्प्रॉकेट, त्यामागे क्लचचं मोठं स्प्रॉकेट, आणि दोघांवर ही डुप्लेक्स, म्हणजे दुपदरी चेन. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असलं की पुढचं स्प्रॉकेट सेकंदाला 50 वेळा फिरतं. बंद केसमध्ये, तेलात हे सगळं चालतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी तिची विचारपूस करत नाही.

चेन ‘ताणली’ असं मेकॅनिक म्हणतात, पण तिच्या पट्ट्या लांबत नाहीत. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश किंचित झिजतात, आणि सगळ्या कड्यांची झीज एकत्र होऊन चेन सैल पडते. शिवाय ही झीज सगळीकडे सारखी नसते. चेन एका जागी सैल तर दुसऱ्या जागी घट्ट लागते. खरी गोम इथेच आहे.

सैल चेन आयडलिंगला डावीकडून खडखडते. हळू चालताना अॅक्सिलरेटर सोडला, पुन्हा दिला, की गाडी एक हिसका देते. फारच सैल झाली तर केसला आतून घासते, आणि तेल काढल्यावर त्यात धातूचा चुरा चमकतो. चुरा दिसला तर मात्र चालढकल नको. बाकीच्या लक्षणांवर लगेच विश्वास ठेवू नये. हिसका मागची चेन सैल असली तरी बसतो, मागच्या हबमधली कुश रबरं बसली असली तरी बसतो. मागची चेन पाहायला दमडी लागत नाही, ती आधी पाहा. टकटक आवाज वरून, हेडकडून येत असेल तर तो टॅपेटचा. त्यासाठी क्लचची केस उघडून काय मिळणार? आणि सेल्फ स्टार्टची बुलेट फक्त बटण दाबतानाच करकरत असेल, तर संशय स्टार्टरच्या स्प्रॅग क्लचवर घ्यावा. कानाने संशय घ्यायचा, निकाल बोटाने द्यायचा.

तो असा. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, प्लग काढलेला. केसच्या तपासणीच्या भोकातून किंवा केस उघडून चेनच्या वरच्या पदराच्या मधोमध बोट ठेवायचं आणि ती वरखाली किती हलते ते पाहायचं. मग टॉप गिअरमध्ये मागचं चाक हाताने थोडं फिरवायचं आणि पुन्हा पाहायचं. असं चार-सहा जागी करायचं. जिथे चेन सर्वांत घट्ट लागते, तिथलं माप धरायचं: तिथे सुमारे पाव इंच, म्हणजे 6 मिलिमीटर खेळ हवा. घाईत एकच जागा पाहिली आणि ती नेमकी सैल निघाली, तर तिथे पाव इंच साधताना घट्ट जागेवर चेन तारेसारखी ताठ होते. अशी चेन कुईकुई करते, तापते आणि क्रँकच्या व गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार टाकते. किंचित सैल चेन नुसती बडबडते. ताठ चेन बेअरिंग खाते आणि इंजिन उघडायला लावते. म्हणून ‘टाइट करून टाकू’ या उत्साहाची धास्ती.

या मापाचं मर्म हार्ले-डेव्हिडसनच्या जुन्या मोठ्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये छान दिसतं. तिथे खेळ थंड इंजिनावर 5/8 ते 7/8 इंच, गरम इंजिनावर 3/8 ते 5/8 इंच. अॅल्युमिनियमच्या केस तापून फुगतात, दोन स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं आणि चेन आपोआप आवळते. बुलेटचे आकडे वेगळे, कारण तेच. हार्लेचं माप बुलेटला लावायला जाऊ नकोस.

आवळायची झालीच तर बुलेटमध्ये चेनच्या खालच्या पदराखाली टेन्शनरची पट्टी असते. लॉकनट सैल करून स्क्रूने ती वर सरकवायची, नट कसायचा आणि पुन्हा मोजायचं, कारण नट कसताना माप हमखास हलतं. पट्टी वर जाऊन जाऊन सरली की चेन बदलायची. या चेनला जोडकडी नसते, त्यामुळे एखादी कडी काढून ती आखूड करायचा विचारसुद्धा नको. चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेट एकदमच उतरवावी लागतात. जुन्या जावा-येझदीवाल्यांना तर आवळण्याची सोयच नाही, झिजली की बदल. 2009 च्या सुमारास आलेल्या युनिट इंजिनाच्या बुलेटमध्ये टेन्शनर आपोआप काम करतो, तेव्हा तुझ्या मित्राच्या क्लासिकवर ही विद्या चालवू नकोस.

एक राहिलं. केस उघडायला डावा फूटरेस्ट आणि ब्रेकचा पायडल काढावा लागतो, म्हणजे परत बसवल्यावर ब्रेक तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. केसची नवी रबरी सील आधीच आणून ठेव. जुनी पुन्हा बसवली की तेल ठिबकतं, आणि तेल उतरलं की चेन झपाट्याने झिजायला मोकळी. तेल लेव्हल स्क्रूच्या भोकातून डोकावेपर्यंतच भर. जास्त भरलंस तर क्लच घसरेल आणि गॅरेजवाला तुला नव्या क्लच प्लेट विकेल.

तुझा,
काका