स्टेथो लावून बीपी घेताना

बटण दाबलं की आकडा दाखवणारं मशीन वॉर्डात असतंच. पण नाडी अनियमित असली की त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा कफ, काटा आणि आपले कान हेच कामाला येतात. चला, स्टेथो, घड्याळ, पेन आणि स्पिरिटचा बोळा घ्या आणि या टेबलापाशी.

1. हात धुवा.

2. काटा शून्यावर आहे का बघा. नसेल तर सरळ दुसरं यंत्र आणा. "चारच आकड्यांचा फरक आहे, मनात वजा करते" असला हिशेब चालत नाही.

3. स्टेथोच्या पडद्यावर बोटाने हलकेच टकटक करा. काहीच ऐकू आलं नाही तर पुढचा गोल भाग अर्धा फिरवा.

4. पेशंटला पूर्ण नाव विचारा आणि केसपेपरशी जुळवा. "तुम्ही शिंदेबाई ना?" असं विचारू नका, गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो.

5. गेल्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, विडी, तंबाखू काही घेतलं का, ते विचारा. मिश्रीचं मुद्दाम वेगळं विचारा, कारण "तंबाखू खात नाही हो" म्हणणाऱ्या आजी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात आणि तिला तंबाखूत धरत नाहीत. घेतलं असेल आणि तातडी नसेल, तर अर्ध्या तासाने या.

6. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायला सांगा. तुंबलेल्या लघवीनेही आकडा वर जातो.

7. पाठ टेकवून खुर्चीत बसवा. दोन्ही तळवे जमिनीला, पायावर पाय नाही. खाटेच्या कडेला पाय लोंबकळत बसवलंत तर बीपी उगाच जास्त येईल.

8. पाच मिनिटं शांत बसू द्या. शेजारी बसलेल्या सूनबाईंनाही गप्पा थांबवायला सांगा, तुम्हीही काही विचारू नका.

9. हात निवडा. सलाईन चालू असलेला, डायलिसिससाठी फिश्च्युला केलेला, किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या असतील तो हात घ्यायचा नाही. शंका आली तर सिस्टरना विचारा, अंदाज करू नका.

10. दंड पूर्ण उघडा करा. घट्ट बाही वर गुंडाळली की तिचाच दंडाला फास बसतो. पडदा ओढून घ्या आणि ब्लाऊजमधून हात बाहेर काढायला मदत करा.

11. हात टेबलावर टेकवा, तळवा वर, दंडाचा मध्य हृदयाच्या पातळीला. हात खाली राहिला तर बीपी जास्त दिसतं, वर गेला तर कमी. उंची कमी पडली तर खाली उशी सरकवा. पेशंटला हात उचलून धरायला लावू नका.

12. कफचं माप बघा. आतल्या रबरी पिशवीने दंडाच्या घेराचा सुमारे 80 टक्के भाग वेढला पाहिजे. जाड दंडाला लहान कफ बांधलात तर आकडा खोटा वाढतो.

13. कोपराच्या घडीत, करंगळीच्या बाजूला बोटं दाबून ब्रॅकियल नाडी शोधा. लागत नसेल तर कोपर पूर्ण सरळ करा.

14. कफ गुंडाळा: त्यावरची बाणाची खूण नाडीवर, खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर. कफखाली बोट जेमतेम सरकलं पाहिजे.

यापुढच्या चार पायऱ्या वॉर्डात सर्रास गाळल्या जातात. तुम्ही गाळू नका. काही पेशंटचे ठोके मध्येच ऐकू येईनासे होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. आधी बोटाने बघितलं नसेल तर तुम्ही त्या मधल्या शांततेला फसता आणि 180 च्या माणसाला 140 लिहून मोकळ्या होता.

15. बल्बचा व्हॉल्व्ह बंद करा. फार आवळू नका, नाहीतर ऐन वेळी एका हाताने सुटणार नाही.

16. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी मनगटाची नाडी धरा. स्वतःचा अंगठा लावू नका, त्यात तुमचीच नाडी लागते. बांगड्या आड येत असतील तर वर सरकवा, काढायला लावू नका.

17. नाडी लागेनाशी होईपर्यंत हवा भरा आणि तो आकडा लक्षात ठेवा. समजा, 130.

18. सगळी हवा सोडा आणि मिनिटभर थांबा.

19. स्टेथो कानात घाला, टोकं नाकाच्या दिशेला. उलटी घातलीत तर आवाज दबतो.

20. पडदा ब्रॅकियल नाडीवर ठेवा. कफखाली खुपसू नका, जोरात दाबूही नका.

21. मघाच्या आकड्याच्या 30 वर हवा भरा, म्हणजे इथे 160.

22. हवा हळूहळू सोडा, सेकंदाला 2, म्हणजे काट्याची एक रेघ. भरकन सोडलीत तर वरचं बीपी कमी लागतं आणि खालचं जास्त.

23. लागोपाठ ठोके सुरू झाले की त्यातल्या पहिल्याचा आकडा टिपा. हे वरचं. काटा थरथरला म्हणून धरायचं नाही. कानाला ऐकू आलं तरच.

24. ठोके पूर्ण थांबले तो आकडा टिपा. हे खालचं. नुसता आवाज मऊ झाला म्हणून घाई करू नका. थांबल्यावरही आणखी 10 ते 20 आकडे ऐकत राहा.

25. उरलेली हवा सोडा. आकडा हुकला असेल तर मध्येच पुन्हा पंप मारू नका; कफ रिकामा करा, मिनिटभर थांबा, मग 21 पासून.

26. लगेच लिहा: 138/84, उजवा हात, बसून, वेळ. काट्यावर रेघा दोन-दोनच्या असतात, त्यामुळे 137 लिहिलंत की मॅडमना कळतंच की आकडा कुठून आला. सगळ्या वॉर्डाचं 120/80 लिहिलंत तरी कळतं.

27. पहिल्यांदाच तपासत असाल तर दुसऱ्या हातावरही घ्या. जास्त येईल तो हात पुढच्या वेळी वापरा.

28. वरचं 180 किंवा जास्त, खालचं 120 किंवा जास्त, किंवा वरचं 90 च्या खाली आलं तर तडक सिस्टरना सांगा. राऊंड संपायची वाट बघू नका. पेशंटसमोर "बापरे" मात्र नको.

29. स्टेथोची टोकं आणि पडदा स्पिरिटने पुसा, कफ वॉर्डात ठरलेल्या पद्धतीने. मगच पुढच्या खाटेकडे.