कणकण आणि ताप

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

सातवा आठवडा चालू आहे, अंग सारखं गरम लागतं, थर्मामीटर ९९.१ दाखवतो आणि घरात ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा-गुलकंद सुरू झालंय, असं तू कळवलंस. सब्जा खुशाल घे, पण ९९.१ हा ताप नव्हे. गरोदरपणाची ऊब वेगळी आणि आजाराचा ताप वेगळा. दोन्ही एकाच खात्यात टाकले, की पहिल्याची उगाच धास्ती बसते आणि दुसरा अंगावर काढला जातो.

ऊब कुठून येते ते पाहा. बीज सुटल्यानंतर अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन स्रवू लागतं. मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रावर त्याचा परिणाम होतो आणि सकाळचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसनं, म्हणजे फॅरनहाइटच्या अर्ध्या ते एका अंशानं चढतं. गर्भ राहिला नाही तर पाळीच्या सुमारास ते उतरतं, राहिला तर चढलेलंच राहतं. पुढे महिने सरतील तसं ते आपोआप खालीही येतं. त्यातच कातडीकडचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून तळहात गरम लागतात. कपाळाला हात लावून ताप ओळखणाऱ्यांची फसगत इथेच होते, कारण हाताला कळते ती कातडी. शिवाय तो हात नुकताच भांडी विसळून आलेला असेल, तर त्याला सगळ्यांनाच ताप आलेला वाटणार. थर्मामीटर जिभेखाली धर, चहा घेतल्यावर अर्धा तास थांबून. काखेतला आकडा कमी येतो. १००.४ किंवा त्याहून जास्त आला, तर तो ताप समजायचा आणि त्याचा दोष गरोदरपणावर टाकायचा नाही.

मग रोज सकाळी मोजून तक्ता करावा का? माझ्या मते नको. रात्री झोप मोडली, उठायला उशीर झाला, तरी आकडा हलतो. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू असतील तर त्यानंही चढतो. एखाद्या दिवशी पाव अंश उतरला म्हणजे गर्भाला काही झालं, असा अर्थ मुळीच निघत नाही, पण तक्ता समोर असला की मन तोच अर्थ काढतं. गर्भाची खुशाली सोनोग्राफीत कळते.

खरा वाद आहे तो ‘पहिल्या तीन महिन्यांत गोळी नको’ या सल्ल्याशी. त्यामागची काळजी रास्त आहे. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनानं घेऊच नयेत. पण गोळी टाळली म्हणजे धोका टळला, हा हिशेब चुकतो, कारण तापही निरुपद्रवी नाही. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, आणि त्या काळात आईला आलेल्या जोराच्या तापाचा त्या नळीच्या दोषांशी संबंध आढळला आहे. तुझा तो टप्पा सरलाय, आणि ताप आलेल्या बहुतेक आयांची बाळं धडधाकटच जन्मतात. तरी बाकीचे अवयव अजून घडताहेत, तेव्हा चढलेला ताप अंगावर काढण्यात शहाणपण नाही. अशा वेळी पॅरासिटामॉल हेच पहिलं औषध मानलं जातं. डॉक्टरांना विचारून, सांगितलं तेवढंच घ्यायचं. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकी सरकारनं त्याचा संबंध मुलांच्या स्वमग्नतेशी जोडला, ते तूही वाचलं असशील. पण २०२४ साली स्वीडनमध्ये सुमारे २४ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि भावंडांची आपापसांत तुलना केल्यावर तो संबंध उरला नाही. मला हा पुरावा जास्त वजनदार वाटतो, कारण एकाच आईची मुलं ताडून पाहिली की घराण्याचा नि घरच्या परिस्थितीचा फरक बराचसा गळून पडतो.

मात्र गोळीनं ताप उतरला म्हणून कारण शोधायचं थांबायचं नाही. पावसाळ्यात मलेरिया आणि डेंग्यू, एरवी लघवीचा संसर्ग. गरोदरपणात यांतला कुठलाच आजार किरकोळ नसतो, आणि मलेरिया तर फारच वाईट. १००.४ चा आकडा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. जाताना किती वाजता किती ताप होता, थंडी वाजली का, लघवीला जळजळ होते का, अंगावर पुरळ आहे का, हे कागदावर लिहून ने, आणि कितवा आठवडा ते विचारायच्या आधीच सांग, कारण औषध त्यावरून ठरतं.

तुझी,
सुनंदामावशी